वीस गोळ्यांचं वजन

मंडईत आपण वांगं उलटंपालटं करून देठापाशी कीड आहे का बघतो, आंबा नाकाशी धरतो, भाव पटला नाही तर पुढच्या गाळ्यावर जातो. मेडिकलमधून आणलेल्या पांढऱ्या गोळीचं मात्र काय बघणार? स्ट्रिपवर लिहिलंय तेवढं औषध तिच्यात आहे का, पोटात गेल्यावर ती वेळेत फुटेल का, बनवताना तिच्यात दुसरं काही गेलं नाही ना, हे कळायची कुठलीच सोय आजारी माणसाकडे नसते. तो शिकलेला असो वा नसो, फरक पडत नाही. मोठा सर्जनसुद्धा स्वतःच्या रक्तदाबाची गोळी तशीच पाण्याबरोबर गिळतो. आणि गुण आला नाही तर आपण दुखण्याला दोष देतो, डॉक्टर बदलतो. गोळीवर संशय घ्यायचं मनात क्वचितच येतं.

फार्मसीचा सगळा अभ्यास या एका गोष्टीभोवती उभा आहे, असं मला शिकवता शिकवता अधिकाधिक वाटत गेलं आहे. ज्याला स्वतःला तपासता येत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी आधीच तपासून ठेवलेलं असलं पाहिजे. तो माणूस घडवायला चार वर्षं लागतात. त्या चार वर्षांत काय चालतं हे बाहेर फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधाची गोळी, सिरप, मलम कसं बनवायचं ते, शिकवते. तिसऱ्या वर्षाला गोळ्यांची प्रॅक्टिकल्स येतात. त्यातलं एक काम दिसायला अगदी साधं: वीस गोळ्या घ्यायच्या, एकेकीचं वजन करायचं, सरासरी काढायची आणि कुठली गोळी सरासरीपासून किती लांब आहे ते लिहायचं. इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, त्याचा नियम दिलेला आहे. गोळी २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. वीसातल्या फार तर दोन त्याबाहेर गेल्या तर चालतात, पण दुपटीबाहेर एकही जाता कामा नये. तराजू इतका नाजूक की वाऱ्याच्या झुळकेनं आकडे हलतात, म्हणून पंखे बंद. ऑक्टोबरचा उकाडा, अंगावर ॲप्रन, हातात चिमटा, आणि एकसारख्या दिसणाऱ्या गोळ्या. मुलं वैतागतात. यंदा एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, कंपनीत हे सगळं मशीन करतं ना? मग आम्ही एकेक गोळी का जोखत बसायचं?"

मी तिला म्हटलं, एका बॅचमध्ये लाखो गोळ्या असतात. त्यातल्या थोड्याशा बाहेर काढून तपासायच्या आणि त्यांच्या भरवशावर उरलेल्या सगळ्या लोकांच्या घरात जाऊ द्यायच्या, हा निर्णय कुणीतरी सही करून घेतो. मशीन आकडा देईल. सही तू करणार आहेस. त्या आकड्यामागे काय असतं हे तुझ्या हाताला माहीत नसेल तर कशाच्या जोरावर करशील?

मला ही सही म्हणजे काय ते कॉलेजात जायच्या आधीपासून थोडंफार ठाऊक होतं, ते बाबांमुळे. आम्ही भांडुपला राहायचो आणि बाबा मुलुंडच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. तेव्हा एलबीएस मार्गावर कारखान्यांची रांग होती आणि त्यात औषधांच्या कंपन्या बऱ्याच. बाबा दहावीपर्यंत शिकलेले. पण रात्री जेवताना ते ज्या गोष्टी सांगायचे त्या मी पुढे पुस्तकात वाचल्या तेव्हा प्रत्येक वाक्याला त्यांचा आवाज ऐकू आला. एक बॅच संपली की दुसरी सुरू करण्याआधी लाइन क्लिअरन्स करायचा. पट्ट्याखाली, रोलरच्या मागे, टेबलाच्या फटीत, सगळीकडे टॉर्च मारून बघायचं. आधीच्या औषधाचं एक लेबल, एक खोका, एक सुटी गोळीसुद्धा तिथं राहता कामा नये. मग सुपरवायझर बघणार, मग क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता खात्याचा, माणूस येऊन बघणार, सह्या होणार, आणि मगच पुढची बॅच.

एकदा बाबा खूप उशिरा घरी आले. स्टोअरमधून किती लेबलं आली, किती लागली, किती फाटली, किती परत गेली, याचा हिशेब जुळावा लागतो, आणि त्या दिवशी तो जुळत नव्हता. सबंध शिफ्ट थांबली होती. आई म्हणाली, "एवढ्याशा कागदासाठी?" बाबांनी हात धुतले, ताटावर बसले आणि म्हणाले, "अगं, कागद हरवला असता तर घरी आलो असतो. तो कुठल्या बाटलीवर बसलाय का, ते बघायला थांबलो होतो." शेवटी लेबलं रोलरच्या मागे चिकटलेली सापडली होती. फार्मसीच्या कुठल्याही व्याख्येपेक्षा बाबांचं हे उत्तर मला अधिक नेमकं वाटतं, आणि मी ते दरवर्षी वर्गात सांगते.

ती कंपनी पुढे मुंबईतून गेली. बाबांसारख्या अनेकांनी व्हीआरएस घेतली. त्या जागी आता उंच इमारती आहेत. मुंबईतले असे कितीतरी कारखाने वापी, तारापूर, गोवा, हिमाचलातलं बद्दी अशा ठिकाणी गेले. शहरात राहिली ती कॉर्पोरेट ऑफिसं, काही संशोधन केंद्रं आणि कॉलेजं.

कॉलेजं मात्र इथली जुनी आणि नावाजलेली. माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. कालिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ मधलं, इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या राज्य शाखेनं काढलेलं. म्हणजे व्यवसायातल्याच माणसांनी पुढच्या पिढीसाठी उभारलेलं. जुहूला एसएनडीटीचं मुलींचं फार्मसी कॉलेज आहे. अलीकडे कॉलेजांची संख्या पुष्कळ वाढली, आणि ही वाढ सगळीच चांगली आहे असं मला वाटत नाही. जिथे प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर धूळ असते आणि जर्नलं एकमेकांची बघून भरली जातात, तिथून बाहेर पडलेल्या पदवीधराच्या सहीवरही एक दिवस लाखो गोळ्या बाजारात जाणार आहेत. संस्थाचालकांनी आणि पालकांनीही प्रवेशाआधी एकदा प्रयोगशाळा बघावी, असं मी कळकळीनं सांगते.

प्रवेशाच्या वेळचं वातावरण मला दरवर्षी सलतं. निम्म्याहून अधिक मुलं मेडिकल हुकलं म्हणून आलेली असतात. सीईटीचे कॅप राउंड संपतात, वर्ग सुरू होतात, आणि पहिल्या बाकावरच्या मुलाच्या चेहऱ्यावरसुद्धा लिहिलेलं असतं की मी इथं असायला नको होतं. नातेवाईक त्यात भर घालतात: "म्हणजे पुढे मेडिकल टाकणार का?" अशा मुलांना मी भाषण देत नाही. त्यांना पहिल्याच सत्रात खल हातात मिळतो, आणि बऱ्याच जणांचं मन तिथं वळतं.

इमल्शनचं प्रॅक्टिकल म्हणजे माझ्या फार आवडीचं. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. इथं ते राहायला लावायचं. एरंडेल चार भाग, पाणी दोन भाग, अकेशियाचा डिंक एक भाग, हे पहिल्या इमल्शनचं प्रमाण. खल पूर्ण कोरडा हवा. आधी तेलात डिंक घोटायचा, मग मोजलेलं पाणी एकदम, एका दमात ओतायचं आणि एकाच दिशेनं न थांबता घोटत राहायचं. थेंबथेंब घातलं की बिघडतं. हात भरून येतो, मनगट दुखतं, खलात नुसता पिवळट चिकटा दिसत असतो. आणि मग एका क्षणी बत्त्याखालून कटकट असा आवाज येऊ लागतो आणि सगळं मिश्रण पांढरंशुभ्र, सायीसारखं होतं. तो आवाज आला म्हणजे जमलं. मग सावकाश उरलेलं पाणी घालायचं. ज्या टेबलावर पहिल्यांदा आवाज येतो तिथं सगळा वर्ग गोळा होतो. इतकं सोपं सुख शिक्षणात फार कमी जागी उरलं आहे. त्याच्या पाठोपाठ पुड्या बांधायच्या, सिरप करायचं, मलम घोटायचं, आणि प्रत्येक बाटलीला लेबल: आत काय, किती, कसं घ्यायचं, कुठवर टिकेल, हलवून घ्यायचं की नाही. लेबल तिरकं लागलं तर मी परत लावायला लावते. का, ते आता वाचणाऱ्याला कळलं असेल.

गोळी म्हणजे नुसतं औषध नव्हे, हे कळायला तिसरं वर्ष उजाडतं. स्टार्च, लॅक्टोज, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट असे कितीतरी पदार्थ तिच्यात असतात. ज्यांचा रोगावर काही परिणाम नाही, पण ज्यांच्यावाचून गोळी होत नाही. मॅग्नेशियम स्टिअरेट घातलं नाही तर गोळी साच्याला चिकटते. ते जरा जास्त पडलं, किंवा योग्य प्रमाणात असूनही मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरलं, तर कणांभोवती त्याचा असा थर बसतो की पाणी आत शिरत नाही. गोळी दिसते छान, औषध भरतं बरोबर, आणि पोटात नीट विरघळतच नाही. म्हणून डिसोल्यूशनचं यंत्र. ३७ अंशांचं, म्हणजे अंगाच्या उष्णतेचं द्रावण बहुधा ९०० मिलिलिटर, त्यात फिरणारं पातं, ठरावीक वेळानं नमुना काढायचा आणि किती औषध बाहेर आलं ते मोजायचं. मुलं काचेच्या भांड्यातल्या त्या गोळीकडे टक लावून बघत असतात. आधी कडा झडतात, मग ती फुगते, मग ढगासारखं काहीतरी खाली उतरतं.

या निष्क्रिय समजल्या जाणाऱ्या पदार्थांना किती महत्त्व आहे हे सांगताना मी ऑस्ट्रेलियातली गोष्ट सांगते. १९६८ च्या सुमारास तिथं अपस्माराचे अनेक रोगी एकाएकी झोकांड्या खाऊ लागले, डोळ्यांना एकाचं दोन दिसू लागलं. फेनिटॉइनचा डोस तोच, कॅप्सूल तीच. बदललं होतं ते इतकंच, की आतला भराव कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोजचा केला होता. आधीच्या भरावामुळे औषध पुरतं शोषलं जात नव्हतं. नव्या भरावात ते भरभर शोषलं जाऊन रक्तातली पातळी विषारी झाली. फेनिटॉइनमध्ये गुणकारी आणि घातक मात्रेतलं अंतर फार थोडं. स्ट्रिपवर जे छापलेलंही नसतं तेसुद्धा माणसाला आडवं करू शकतं, हे त्या गोष्टीनंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि मग जे.जे. हे मला दरवेळी जड जातं.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रोगी दगावले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ग्लिसरॉल देतात. त्या वेळी रुग्णालयात आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. ते गाड्यांच्या कूलंटमध्ये आणि ब्रेकच्या तेलात वापरतात. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. मी तेव्हा शाळेत होते. बाबा मोठ्यानं पेपर वाचत नसत, पण त्या दिवसांत ते वाचता वाचता थांबायचे आणि पान तसंच हातात धरून बसायचे. एकदा ते आईला म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतं गं. घट्ट, बिनरंगाचं, गोड. नुसत्या डोळ्यांनी नाही कळत." त्यांच्या कंपनीत प्रत्येक पिंपाचा नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय पिंप उघडायचं नाही असा दंडक होता, तो का आहे हे त्या दिवसांत सगळ्या कामगारांना पुन्हा सांगितलं गेलं.

पुढे फार्मसीला आल्यावर ज्युरिसच्या तासाला, म्हणजे औषधविषयक कायद्यांच्या तासाला, आमच्या सरांनी पाठ्यपुस्तक मिटलं आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं काय शोधून काढलं ते सांगायला सुरुवात केली. पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, मंत्रालय, साऱ्यांवर आयोगानं ठपका ठेवला होता. औषध रोग्याच्या तोंडात जाण्याआधी इतक्या दारांतून आलं होतं, आणि त्यातल्या एकाही दारात ते अडलं नाही. तोवर १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, त्याचे नियम, त्याची परिशिष्टं हे आमच्या लेखी पाठांतराचं ओझं होतं. त्या तासानंतर मी शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायच्या नियमांचं परिशिष्ट, वाचलं ते वेगळ्या डोळ्यांनी. प्रत्येक कलमामागे कुणीतरी मेलेलं आहे असं वाटायला लागलं, आणि बऱ्याच कलमांच्या बाबतीत ते खरंही आहे.

कारण हे विष पहिल्यांदा जे.जे.मध्ये आलं नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड औषध करताना याच द्रवात ते विरघळवलं गेलं आणि शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. त्यातूनच १९३८ चा तिथला कायदा आला: औषध विकायच्या आधी ते सुरक्षित असल्याचं दाखवा. एवढं होऊनही २०२२ मध्ये गांबियात लहान मुलांचे मृत्यू झाले आणि बोट भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांकडे गेलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा मुलं गेली. पुन्हा सिरप, पुन्हा डायइथिलीन ग्लायकॉल. तो कुठल्याशा गुंतागुंतीच्या विज्ञानाचा प्रश्न असता तर मी समजू शकले असते. सिरपमध्ये वापरायच्या ग्लिसरिनचं (हेच ग्लिसरॉल) किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचं पिंप वापरण्याआधी त्यात हे विष आहे का हे बघायची पद्धत फार्माकोपियात आहे, गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर ती होते, आणि आमचे विद्यार्थी ती शिकतात. छिंदवाड्याची बातमी आली त्या आठवड्यात मी अभ्यासक्रम बाजूला ठेवला. वर्गात दोन बिनलेबलाच्या बाटल्या ठेवल्या, एकीत ग्लिसरिन, दुसरीत प्रॉपिलीन ग्लायकॉल, आणि नुसतं बघून सांगा म्हटलं. कुणालाही खात्रीनं सांगता आलं नाही. मग आम्ही चाचणीकडे वळलो. त्या दिवशी पंखे बंद ठेवल्याची तक्रार कुणी केली नाही.

या विषयात नुसती भीतीच आहे असं मात्र कुणी समजू नये. मला त्यातला आनंदही सांगायचा आहे, आणि तो मुंबईत राहून शिकणाऱ्याला अधिक भेटतो. परळला उतरलं की हाफकिन संस्था. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याच्या अंगात जाणाऱ्या वस्तूची जबाबदारी घेणं म्हणजे काय, याचा याहून थेट दाखला मला माहीत नाही. तिथून जवळच केईएम रुग्णालय. फार्माकोग्नोसीच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या अभ्यासाच्या, प्रयोगशाळेत आम्ही सर्पगंधेच्या मुळाचं चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो तेव्हा बाईंनी सांगितलं होतं की केईएमचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी हेच मूळ घेऊन उच्च रक्तदाबाच्या रोग्यांवर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. आपल्या वैद्यांना सर्पगंधा पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. डॉ. वकिलांनी ती मोजली, नोंदली, जगापुढे अशा रीतीनं मांडली की कुणालाही ते पडताळून बघता यावं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना वैद्यक संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या दिवशी संध्याकाळी मी परळ स्टेशनवर जाताना मुद्दाम केईएमच्या फाटकावरून गेले होते. आत जायचं काही काम नव्हतं.

किमतीचा प्रश्नही याच अभ्यासाचा भाग आहे. तपासलेलं, निर्दोष औषध रोग्याच्या हातात पडलंच नाही तर ती सगळी तपासणी वायाच की. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर मक्तेदारी ठेवली नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर ठेवली. त्यामुळे इथल्या रसायनतज्ज्ञांनी त्याच रेणूपर्यंत जायच्या दुसऱ्या वाटा शोधल्या. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत काढलेल्या सिप्लानं २००१ मध्ये एड्सवरचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, तेव्हा तेच उपचार बाजारात वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होते. २००५ पासून कायदा बदलला, रेणूवरही पेटंट आलं. तरी २०१२ मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबसाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही दुसऱ्याला औषध बनवू देणारा, मुंबईतूनच निघाला आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. २०२३ मध्ये बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधावरचं पेटंट लांबवायचा अर्ज इथंच फेटाळला गेला. त्याला आव्हान देणाऱ्यांत मुंबईची नंदिता वेंकटेशन होती, जिची ऐकण्याची शक्ती क्षयाच्या जुन्या औषधानं गेली होती. क्षयानं पोखरलेल्या या शहरात हे शिकवताना मला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. वर्गातल्या एकदोघांच्या घरात ते औषध चालू असतंच.

पण एवढी सगळी साखळी, रेणूपासून पेटंटपर्यंत, शेवटी येऊन थांबते ती मेडिकलच्या काउंटरवर. आणि तिथं ती तुटते. हे मी दुःखानं लिहिते. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय कुणी औषध देऊ नये. प्रत्यक्षात कितीतरी दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि माणूस दुसऱ्याच गावी. शेड्यूल एच-वनमधल्या औषधांची, म्हणजे मुख्यतः नव्या पिढीतल्या प्रतिजैविकांची आणि क्षयावरच्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवायची असते, रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, आणि ती तीन वर्षं जपायची असते. ती अनेक ठिकाणी तपासणीच्या आदल्या रात्री भरली जाते. काउंटरवरची मुलं कष्टाळू असतात, पाठांतर दांडगं असतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांना हे काम शिकवलेलंच नाही.

आमच्या शेजारच्या काकू एकदा घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "अगं, मी गेले दोन दिवस मधुमेहाची गोळी घेतच नाहीये. ती पचतच नाही बघ, आख्खीच्या आख्खी बाहेर पडते." मी स्ट्रिप बघितली, मेटफॉर्मिनची एसआर गोळी होती. अशा गोळीतून औषध तासन्‌तास हळूहळू बाहेर येतं आणि रिकामं झालेलं कवच तसंच निघून जातं. मी म्हटलं, "काकू, ते नुसतं टरफल आहे. औषध अंगात गेलेलं असतं. आजपासून परत सुरू करा, आणि अर्धी करून किंवा चावून घेऊ नका बरं." त्या म्हणाल्या, "मग हे दुकानात सांगायला काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. दोन वाक्यांचं काम होतं. गोळी उत्तम होती, कारखान्यातल्या प्रत्येक चाचणीत उतरलेली होती, आणि दोन दिवस डब्यात पडून होती.

आमची हुशार मुलं काउंटरकडे जात नाहीत. रेग्युलेटरीत, म्हणजे औषधांच्या सरकारी मंजुरीच्या कामात जातात, फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवायच्या कामात जातात, जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देतात, एम.फार्म. करतात, परदेशी जातात. ती कामं महत्त्वाची आहेत आणि मी त्यांना अडवणार नाही. दुकानात पगार तुटपुंजा, मान त्याहून कमी. तरीही मला वाटतं की शिकलेल्या माणसाची सर्वांत अधिक गरज आज तिथं आहे.

म्हणून गेल्या वर्षी भांडुपच्या एका ओळखीच्या मेडिकलवाल्यांना विचारून शेवटच्या वर्षाची दोन मुलं संध्याकाळी तिथं बसवली. फक्त समजावून सांगायचं, विकायचं काही नाही. मालक पहिल्यांदा कुरकुरले, काउंटरवर गर्दी होते म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात एक रिक्षावाले दम्याचा पंप घ्यायला आले, महिन्यातला दुसरा. मुलीनं विचारलं, "काका, कसा घेता ते दाखवता का?" त्यांनी तोंडाजवळ धरला आणि दाबला, निम्मं औषध बाहेर. तिनं रिकाम्या पंपावर शिकवलं: आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत ओढताना दाबायचा, दहापर्यंत मोजत रोखून धरायचा, आणि हा स्टिरॉइडचा आहे म्हणून नंतर चूळ भरायची. काकांनी चार वेळा करून दाखवलं. मागे रांग खोळंबली होती, पण रांगेतल्या एका आजींनी सुनेला म्हटलं, "आपल्या बाळ्याचं पण विचार गं." मालकांनी आतून एक स्टूल आणून काउंटरच्या कडेला ठेवलं आणि मुलीला म्हणाले, "तू इथं बसून सांग, इकडे बिलं अडतात." आता ते आठवड्यातून दोन दिवस मुलं पाठवा म्हणून मला फोन करतात.

वेळापत्रकात त्याला जागा नाही. सातव्या सत्रात प्रॅक्टिस स्कूल हा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा विषय आहे, पण ते बहुतेक कॉलेजांत प्रयोगशाळेतच उरकतं. मी आमच्या प्राचार्यांकडे गुरुवारची दुपार मागितली आहे, आणि भांडुप ते विक्रोळी या पट्ट्यातल्या आणखी काही दुकानांशी बोलणं चालू आहे. मराठीत, मोठ्या अक्षरांत, पंप कसा घ्यायचा, इन्सुलिन फ्रीजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायचं, एसआर गोळी का तोडायची नाही, अशी कार्डं मुलांनी तयार केली आहेत. त्यातलं इन्सुलिनचं कार्ड मी परत पाठवलंय. वीज गेली तर काय करायचं ते त्यात लिहिलेलं नव्हतं.